अंदमानात स्वस्तात राहायचं तर आधी बोट, मग खोली

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून तिघं मित्र जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानला निघालेत. सात रात्री आहेत, पाठीवर सॅक आहेत आणि राहण्यावर माणशी रोज सहाशे-सातशेपेक्षा जास्त घालवायचे नाहीत. हॅवलॉक बेटावर बांबूची झोपडी बरी की हॉस्टेल? बुकिंग आधी करावं की तिथे जाऊन बघावं? सोबत तंबू न्यावा का?

आधी सरळ उत्तर. तिघं आहात तर हॅवलॉकला एकच झोपडी घ्या आणि तीत एक जादा गादी टाकून मागा. हॉस्टेलच्या तीन कॉटांपेक्षा ती स्वस्त पडते. प्रत्येक बेटावरची पहिली रात्र घरूनच बुक करा, पुढच्या रात्रींचं तिथे पायी फिरून ठरवा. तंबू घरीच राहू द्या. पण या सगळ्याच्या आधी बोट. अंदमानात राहण्याचा खर्च नुसत्या खोलीच्या भाड्यावर ठरत नाही. बोटीची वेळ आणि खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंतचं अंतर, या दोन गोष्टी भाड्याइतक्याच खिशाला लागतात. तीनशे रुपये वाचवायला घेतलेली लांबची झोपडी रिक्षापायी महाग पडते. बोट चुकली तर एका रात्रीसाठी दोन बेटांवर भाडं भरावं लागतं.

खाली दिलेले दर अंदाजाचे आहेत. मालक आणि सीझन बदलला की दर बदलतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा त्यांच्यातलं प्रमाण लक्षात ठेवा. मुक्कामांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. तिथल्या बऱ्याच जागा भाडेकराराने चालतात आणि गेल्या वर्षी नीटनेटकी असलेली जागा यंदा दुसऱ्याच्या हातात गेलेली असू शकते. आणखी एक: सरकारी कागदावर हॅवलॉक आता स्वराज द्वीप आहे आणि नील शहीद द्वीप (दोन्ही २०१८ पासून), तर पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर नवी नावं दिसतील, रिक्षावाला जुनी बोलेल. बुकिंगच्या साइटवर शोधताना दोन्ही टाकून बघा, निकाल वेगवेगळे येतात.

बोट

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक-नीलला दोन तऱ्हेच्या बोटी जातात. सरकारी फेरी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते आणि हॅवलॉकला दोन-अडीच तास घेते. खासगी बोटी हॅडो जेट्टीवरून सुटतात आणि साधारण दीड तासात पोचवतात. खासगीचं तिकीट सरकारीच्या दुपटी-तिपटीने असतं. सरकारी फेरीत डेकवर उभं राहता येतं, खासगी बोटींपैकी बऱ्याच बंद एसीच्या असतात. पोटात ढवळणाऱ्या माणसाला हा फरक भाड्यापेक्षा मोठा वाटतो.

सरकारी फेरीची अडचण अशी की ती मुळात बेटावरच्या लोकांसाठी आहे. त्यांना प्राधान्य मिळतं, पर्यटकांच्या वाट्याला उरलेल्या जागा येतात आणि तिकिटं सुटतात ती प्रवासाच्या जेमतेम काही दिवस आधी. म्हणजे महिनाभर आधी खोली पक्की करणारा माणूस बोटीशिवायच खोली पक्की करत असतो. तुमच्या आठवड्यात तर आणखी एक भानगड आहे. २३ जानेवारीच्या नेताजी जयंतीच्या आसपास हॅवलॉकला सुभाष मेळा भरतो, त्याला लागून २६ जानेवारीची सुट्टी येते. पोर्ट ब्लेअरचे लोकही त्या दिवसांत बेटांकडे निघतात. त्यामुळे जातानाची बोट खासगी घ्या आणि आजच काढा. परतीची किंवा मधली हॅवलॉक-नील बोट सरकारी मिळाली तर उत्तम, पण विमानाच्या आदल्या दिवशीची बोट नशिबावर सोडू नका.

सात रात्रींची वाटणी अशी करा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक तीन, नील दोन, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. वीर सावरकर विमानतळावर सकाळी लवकर उतरत असाल तर दुपारची बोट गाठून पहिली रात्र वाचवता येते. पण दुपारी दोननंतर हॅवलॉकला जाणारं सहसा काही नसतं आणि विमान तासभर उशिरा आलं की हिशेब कोसळतो. तशीही सेल्युलर जेल पाहायला एक संध्याकाळ द्यायची असतेच. शेवटची रात्र मात्र टाळता येत नाही. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान कोणासाठी थांबत नाही. शिवाय स्कूबा करणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, बरीच केंद्रं २४ तास सांगतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. म्हणून डाइव्ह हॅवलॉकच्या मुक्कामात उरकायचा आणि नील शेवटी ठेवायचं.

पोर्ट ब्लेअर: फक्त झोपण्यापुरतं

इथे नजाऱ्यासाठी पैसे टाकू नका. बघायचं ते दोनच गोष्टी: जेट्टी किती लांब आणि रात्री जेवण चालत मिळतं का. अबर्डीन बाजार दोन्ही बाबतींत बसतो. सेल्युलर जेल चालत जाण्याइतकं जवळ, बसस्टँड तिथेच, फिनिक्स बे जेट्टीही सॅक घेऊन चालता येईल इतक्या अंतरावर. हॅडोला मात्र रिक्षा करावी लागते. विमानतळाजवळच्या लांबा लाइन भागात लॉज थोडे नवे आणि स्वच्छ असतात, पण तिथून दर वेळी बाजारात यायला रिक्षा लागते आणि रिक्षा मीटरवर चालत नाहीत. तिघांची खोली १,२०० ते १,८०० रुपयांत मिळते. नेताजी स्टेडियमजवळ युथ हॉस्टेल आहे. ते स्वस्त आहे, पण सहली आणि खेळाडूंच्या संघांनी भरलेलं असतं. फोन करून जागा असेल तरच जा.

लॉजवाल्याला दोन गोष्टी आदल्या रात्री सांगून ठेवा. एक, पहाटे पाचला निघायचंय तर खालचं शटर कोण उघडणार. खासगी बोटीला तासभर आधी हजर व्हावं लागतं आणि लॉजचा पोऱ्या आत गाढ झोपलेला असला की बोट जाते. दोन, परत येऊ तेव्हा तुझ्याकडेच उतरू, तोवर एक बॅग ठेवून घे. परतीची रात्र पक्की होत असेल तर कुणी नाही म्हणत नाही. जड जाकीट, प्रवासाचे बूट, सेल्युलर जेलजवळ घेतलेली पुस्तकं असलं सगळं तिथे टाका आणि पुढे हलकं व्हा.

शहराला पाणी धनीखाडी धरणातून येतं आणि उन्हाळा चढला की ते तोलून-मापून सोडतात. जानेवारीत त्रास नसतो. मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्याने मात्र खोली घेण्याआधी नळ सोडून बघावा.

हॅवलॉकचा नकाशा नंबरांचा आहे

तिथे पत्ता नंबराने सांगतात. बोट लागते ती जेट्टी उत्तरेला. तिथून पूर्व किनाऱ्याने खाली आलं की ३ नंबरचा बाजार म्हणजे गोविंदनगर, आणखी खाली ५ नंबर म्हणजे विजयनगर, त्याच रस्त्याच्या टोकाला काळापत्थर. ७ नंबर म्हणजे राधानगर, बेटाच्या पलीकडच्या पश्चिम अंगाला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर. स्वस्त मुक्काम बहुतेक सगळे ३ आणि ५ नंबरच्या पट्ट्यात आहेत आणि तुम्हीही तिथेच राहा.

राधानगरचं नाव ऐकून तिथेच राहावंसं सगळ्यांना वाटतं. तिथे स्वस्त जागा मोजक्या आहेत, सूर्य मावळला की परिसर सामसूम होतो आणि जेवायला पर्याय उरत नाहीत. अंदमानचं घड्याळ आपलंच, पण सूर्य आपल्या बराच आधी. जानेवारीच्या शेवटी साडेपाचच्या आत सूर्यास्त होतो. राधानगरला दुपारी बसने किंवा स्कूटरने जायचं, पोहायचं, सूर्यास्त बघायचा आणि अंधार व्हायच्या आत परत फिरायचं. परतीच्या शेवटच्या बसची वेळ जाताना कंडक्टरलाच विचारून घ्या.

३ आणि ५ नंबरच्या किनाऱ्याबद्दल एक गोष्ट फोटो बघून कळत नाही. पूर्वेकडचा हा किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि मृत प्रवाळाचे खडक उघडे पडतात. चप्पल काढून त्यावर चालता येत नाही, पोहणं तर दूरच. सकाळी निळंशार पाणी, दुपारी चिखल आणि दगड. ‘समुद्राला लागून’ म्हणून झोपडीमागे पाचशे जास्त घेतात ते फक्त भरतीच्या काही तासांचे. सूर्योदय मात्र छान दिसतो. पैसे वाचवायचे असतील तर त्याच आवारातली मागच्या रांगेतली झोपडी मागा. किनारा तोच, पन्नास पावलं जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी आणखी लांब जाते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित इथे लावू नका, वेळ जुळत नाही. भरती-ओहोटीचा तक्ता कुठल्याही डाइव्ह सेंटरमध्ये लावलेला असतो.

झोपडी आतून कशी बघायची

बांबूची झोपडी म्हणजे खांबांवर उचललेली फळ्यांची जमीन किंवा सिमेंटचा चौथरा, चिरलेल्या बांबूच्या तट्ट्यांचे कूड आणि वर शाकारलेलं छप्पर. छपराला नारळाच्या झापांऐवजी तिथे बहुधा धनीपत्ता वापरतात, म्हणजे खाडीकाठच्या नीपा ताडाची पानं. सामाईक संडास-न्हाणीघर असेल तर ६०० ते ९००, आत न्हाणीघर असेल तर १,००० ते १,६००. जादा गादीचे २०० ते ४००. म्हणजे १,२०० ची झोपडी आणि ३०० ची गादी मिळून तिघांत माणशी ५०० रुपये. हॉस्टेलच्या डॉर्ममधली, म्हणजे सामाईक खोलीतली, एक कॉट ५०० ते ९०० ला जाते, तिघांचे सरासरी दोन हजार. सुरुवातीला झोपडी सांगितली ती या हिशेबाने.

आता आत जाऊन काय बघायचं. आधी मान वर करा. दुपारच्या उजेडात छपरातून टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर पावसात तिथून पाणी येणार. जानेवारीत पाऊस क्वचित, त्यामुळे दोन-चार ठिपक्यांवरून जागा सोडू नका. फक्त पलंग त्यांच्याखाली नाही ना, एवढं बघा. पानं काळी पडून शेवाळ धरलेली असतील तर ते छप्पर जुनं आहे, त्यात पाली आणि उंदीर मुक्कामाला असतात. पाल काही करत नाही. उंदीर मात्र सॅक कुरतडतो, आणि तोही बिस्किटाच्या पुड्यासाठी. चकली-चिवड्याचे घरून आणलेले डबे घट्ट झाकणाचे असू द्या आणि पिशवी जमिनीवर न ठेवता दोरीला टांगा.

मग पलंगावरून हात फिरवा. बारीक, पिवळट पांढरी भुकटी हाताला लागली तर वरच्या बांबूत कीड आहे. ती बांबू आतून पोखरते आणि भुसा खाली पडतो. रोज सकाळी चादरीवर, केसांत, पाण्याच्या ग्लासात तो सापडतो. धोका काही नाही, पण वैताग पुरेसा. उपाय म्हणजे वरचा भाग कापडी असलेली मच्छरदाणी. पूर्ण जाळीची असेल तर मालकाकडून एक जुनी चादर मागून वरून टाका. मच्छरदाणी टांगलेल्या स्थितीत उघडून भोकं बघा. बहुतेकदा ती कोपऱ्यांत, दोरी बांधतात तिथे फाटलेली असते. सुई-दोरा जवळ असला तर पाच मिनिटांचं काम आहे.

मच्छरदाणी वाळूतल्या बारीक माशांना, म्हणजे सँडफ्लायना, अडवत नाही. त्या डासाहून लहान असतात आणि साध्या जाळीतून आत येतात. सकाळी आणि संध्याकाळी ओल्या वाळूजवळ त्या पायांना चावतात. चावलेलं आधी कळत नाही, रात्री खाज सुटते आणि खाजवलं की आठवडाभर जखमा चिघळतात. पायांना खोबरेल तेल चांगलं थापून ठेवलं तर त्या तेलात अडकतात, वरून डास पळवणारं मलम लावा. खोलीच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच की वाळूवरच बांधलेल्या पहिल्या रांगेत हा त्रास जास्त आणि जमिनीपासून उंच, पंखा असलेल्या मागच्या रांगेत कमी. मागची रांग घ्यायला हे आणखी एक कारण.

पंखा लावून बघा आणि हा प्रश्न नेमका असाच विचारा: लाइट गेल्यावर जनरेटरवर पंखा चालतो की फक्त दिवा? बेटावर वीज जाते. ‘जनरेटर आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानलं की रात्री दीडला बंद पंख्याखाली उठून बसावं लागतं. प्लगपॉइंट मोजा. तिघांचे फोन आणि एक प्लग, हे नेहमीचं दृश्य आहे. एक्स्टेन्शन बोर्ड घरून न्या.

नळाचं पाणी जिभेला लावून बघा. किनाऱ्यालगतच्या बोअरचं पाणी मचूळ असतं, साबणाला फेस येत नाही. अंघोळीला चालतं, केस मात्र चिकट होतात. ज्यांच्याकडे गोड्या पाण्याची विहीर आहे ते आपणहून सांगतात. गिझरचे जादा पैसे मागितले तर देऊ नका, त्या हवेत लागत नाही. पिण्याचं पाणी रिसेप्शनवरच्या मोठ्या जारमधून भरून घ्यायची सोय आहे का, ते विचारा. तिघांचं दिवसाचं आठ-नऊ लिटर पाणी बाटल्यांनी विकत घेणं हा फुकटचा खर्च आहे.

दार कडी-कोयंड्याचं असतं, कुलूप आपलं असावं. तरीही बांबूचा कूड म्हणजे भिंत नव्हे. पैसे, कार्ड आणि कॅमेरा झोपडीत सोडून दिवसभर जाऊ नका. जाताना एकदा झोपडीच्या बरोबर वर बघा. नारळाचं झाड असेल तर नारळ उतरवलेत का विचारा. यात गंमत काही नाही, पडलेल्या नारळाने पत्रे फुटतात.

हॉस्टेल, होमस्टे आणि डाइव्हवाल्यांच्या खोल्या

एकटं जाणाऱ्याला हॉस्टेल परवडतं. एकट्याला झोपडीचं पूर्ण भाडं सोसावं लागतं, आणि स्कूटर किंवा एलिफंट बीचची बोट वाटून घ्यायला तिथे माणसं भेटतात. बघायचं ते लॉकर, कॉटेला पडदा आणि स्वतःचा प्लग, आणि एसी किती वाजता चालू-बंद करतात. बऱ्याच ठिकाणी एसी फक्त रात्री असतो आणि दुपारी डॉर्म भट्टी होते. मुलीने एकटीने जायचं असेल तर फक्त मुलींची डॉर्म आहे का, ते फोनवर विचारा, साइटवरच्या खुणेवर विसंबू नका.

होमस्टेचा भाव झोपडीइतकाच किंवा थोडा जास्त, १,२०० ते २,००० पर्यंत. हॅवलॉक आणि नीलवरची बरीच घरं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि पन्नासच्या दशकात तिथे वसवलेल्या बंगाली कुटुंबांची आहेत. पक्की भिंत, सिमेंटची खोली, स्वच्छ संडास आणि घरचं मासे-भात. सगळ्यांना हिंदी येतं. दादा, दीदी म्हणा, काम होतं. समुद्र मात्र दिसत नाही, घर रस्त्याच्या आतल्या बाजूला शेतात किंवा सुपारीच्या बागेत असतं. ज्याला शांत झोप हवी आहे, ज्याच्याबरोबर आईवडील आहेत किंवा बांबूतल्या किड्यांची ज्याला शिसारी आहे, त्याने डोळे मिटून होमस्टे घ्यावा. शाकाहारी असाल तर आधीच सांगा आणि मासेही नको हे वेगळं सांगा. बंगाली घरात मासा हा शाकाहाराच्या फारसा बाहेर समजत नाहीत.

एक सोय लोकांच्या लक्षात येत नाही. हॅवलॉकच्या काही डाइव्ह सेंटरांच्या स्वतःच्या खोल्या किंवा डॉर्म असतात आणि कोर्स करणाऱ्याला त्या सवलतीत देतात. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, तीन-चार दिवसांचा असतो. तो करायचाच असेल तर फीबद्दल घासाघीस करत बसू नका. फी फारशी हलत नाही, खोली हलते. ‘चार दिवस राहायचं धरून किती’ असंच विचारा. नुसता एक हौशी डाइव्ह करणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

सरकारी पर्यटन खात्याचीही विश्रामगृहं आहेत. जागा मोक्याच्या, खोल्या मोठ्या, देखभाल सरकारी. तिघांच्या बजेटात ती बसू शकतात, पण कुठलं चालू आहे आणि कुठलं दुरुस्तीला गेलंय, हे खात्याच्या पोर्ट ब्लेअरच्या कार्यालयात विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर निघू नका.

तंबूबद्दल दोन वाक्यं पुरेत. किनाऱ्यावर तंबू ठोकून रात्र काढायला परवानगी नाही आणि वनखात्याची माणसं उठवतात. खाडी आणि खारफुटीच्या आसपास खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तिथले इशाऱ्याचे फलक शोभेला लावलेले नाहीत.

बुकिंग आणि घासाघीस

पहिल्या रात्रीची खोली साइटवरून घ्या, रद्द करता येणारी, जेट्टीपासून पाच किलोमीटरच्या आत. सकाळच्या बोटीने उतरलात की सॅक तिथे टाका आणि ३ ते ५ नंबरचा रस्ता पायी धरा. दोन तासांत दहा-बारा जागा बघून होतात. चेक-आउटची वेळ बेटांवर फार लवकर असते, बऱ्याच ठिकाणी सकाळी साडेसात-आठ. कारण सकाळच्या बोटींनी जुने पाहुणे जातात, नवे येतात. त्यामुळे दहाच्या सुमारास कुठल्या खोल्या रिकाम्या राहिल्या, हे मालकाला पक्कं माहीत असतं आणि भाव तेव्हाच उतरतो. संध्याकाळी विचारलं तर तुम्ही अडलेले आहात, हे त्याला दिसतं.

सांगायचं असं: तीन रात्री राहतो, रोख किंवा यूपीआयने आता देतो, गादी धरून काय घेणार? साइटला द्यावं लागणारं कमिशन मालकाच्या खिशातून जातं, त्यातला हिस्सा तो सोडायला तयार असतो. दहा-पंधरा टक्के सुटणं रास्त आहे, निम्म्यावर भाव मागणं असभ्यपणाचं आहे. जीएसटीचं बिल हवं असेल तर ७,५०० पर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे, कुणी १२ टक्के लावत असेल तर दाखवून द्या. लहान झोपडीवाले बहुधा नोंदणीच्या मर्यादेखालीच असतात आणि त्यांनी जीएसटी लावायचाच नसतो. आधारची छायाप्रत प्रत्येकी चार-पाच जवळ ठेवा. मुक्काम आणि बोटीचं तिकीट, दोन्हीकडे मागतात आणि बेटावर झेरॉक्स शोधणं हा अर्ध्या दिवसाचा उद्योग होतो.

आधी फिरून ठरवा म्हटलं, त्याला अपवाद आहेत. २० डिसेंबर ते ५ जानेवारी, दुर्गापूजा आणि दिवाळीची सुट्टी. तेव्हा सगळ्या रात्री आधीच घ्या. तुमच्या आठवड्यात २३ ते २६ या रात्री हॅवलॉकवर येत असतील तर त्याही आधीच घ्या. फोनवर ठरवलंत तर पूर्ण पैसे पाठवू नका, एका रात्रीचा अ‍ॅडव्हान्स पुरे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर खोलीचा फोटो मागवताना ‘जी देणार तिचाच आत्ताचा व्हिडिओ, न्हाणीघरासकट’ असं मागा. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं आहे तो पाच मिनिटांत पाठवतो.

पोर्ट ब्लेअरला समुद्राखालची केबल २०२० साली आली, तिची एक शाखा हॅवलॉकलाही आहे. त्यामुळे नेट पूर्वीसारखं रडकं राहिलेलं नाही, यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं. तरी वीज गेली की टॉवर डुलकी घेतो. एटीएम मोजकी आहेत, सुट्टीत रिकामी होतात. माणशी तीन-चार हजार रोख पोर्ट ब्लेअरहूनच घेऊन निघा.

खोलीबाहेरचा हिशेब

३ नंबरच्या बाजारात मासे-भाताची थाळी १५० ते २५० ला मिळते. रिसॉर्टच्या हॉटेलात तेच जेवण दुप्पट-तिप्पट. दिवसाला दोन जेवणं, तिघं माणसं: बाजारापासून चालत्या अंतरावर राहिलात तर फक्त जेवणात रोज हजारभर रुपये वाचतात. हे कुठल्याही घासाघिशीत सुटणार नाहीत. स्कूटर रोजची ५०० ते ६००, पेट्रोल वेगळं. तिघांना दोन लागतात, तिघं एकीवर बसलेले दिसले तर पोलीस थांबवतात. म्हणून स्कूटर रोज न घेता एकच दिवस घ्या, त्याच दिवशी काळापत्थर आणि राधानगर उरका. बाकी दिवस सायकल आणि बस. स्कूटर घेताना ओरखड्यांचा व्हिडिओ मालकासमोर काढा, ब्रेक आणि दिवा बघा. परतताना अंधार होतोच आणि रस्त्यावर गाई बसलेल्या असतात.

नीलला हे सगळं आणखी सोपं आहे. बेट एवढंसं आहे की सायकलने एका दिवसात सगळे किनारे होतात. गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. बाजार नील केंद्रात. राहायचं ते बाजार आणि भरतपूर-लक्ष्मणपूर यांच्या दरम्यान. सीतापूरकडे झोपड्या स्वस्त आणि निवांत आहेत, पण रात्री जेवायला अंधारातून यावं लागतं. टॉर्च असेल आणि हौस असेल तर जा. भाव हॅवलॉकपेक्षा थोडे खाली. लक्ष्मणपूरचा दगडी पूल, म्हणजे खडकाची नैसर्गिक कमान, ओहोटीलाच बघता येतो, त्यामुळे नीलला पोचल्यावर आधी ओहोटीची वेळ विचारा, मग बाकीचा दिवस लावा.

दिगलीपूर, लाँग आयलंड आणि लिटल अंदमान या जागा जास्त स्वस्त आणि जास्त रिकाम्या आहेत. पण दिगलीपूरची बस पहाटे चारच्या सुमारास सुटून जवळपास अख्खा दिवस घेते, वाटेत जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ठरावीक वेळेच्या ताफ्यानेच जावं लागतं. लिटल अंदमानचं जहाज हवामानावर. सात रात्रींत ती बेटं कोंबली तर तीन रात्री प्रवासात जातील. बारा-चौदा दिवस असतील तेव्हा त्यांचा विचार करा.

शेवटच्या संध्याकाळी पोर्ट ब्लेअरला, ठेवलेली बॅग घेऊन सामान लावताना, किनाऱ्यावर वेचलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे बाहेर काढून टाका. न्यायला बंदी आहे आणि विमानतळावरच्या तपासणीत ते पकडले जातात. बाजारातून शंखाची वस्तू घेतली असेल तर दुकानदाराचं परवान्याचं बिल वरच्या कप्प्यात ठेवा.